निळ्या गुडघ्यांचा प्रोग्राम

‘सगळं व्यवस्थित पार पडलं,’ असं कॉम्प्युटरने हिरव्या अक्षरांत जाहीर केलं. एस्बेनने फोल्डर उघडलं. फोल्डर रिकामं होतं.

त्याने ते बंद केलं, खिडकीतून थोडा वेळ बंदराकडे बघितलं आणि पुन्हा उघडलं. आपण टक लावून बसलो म्हणून फायली लाजत असतील, अशी त्याला एक अंधुक आशा होती. पण फायली लाजत नव्हत्या. त्या नव्हत्याच.

काम तसं एका बटणाचं होतं. प्रोग्राम लिहून झाला की तो पब्लिश करायचा, म्हणजे आपल्या टेबलावरचा पसारा मागे ठेवून, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालेल असा फायलींचा नेटका गठ्ठा बांधून घ्यायचा. बटण दाबलं की कॉम्प्युटर जरा घुरघुरतो आणि गठ्ठा सांगितलेल्या फोल्डरात येऊन पडतो. एस्बेनचा कॉम्प्युटर घुरघुरत होता, समाधानाने थांबत होता, यश जाहीर करत होता आणि गठ्ठा तेवढा देत नव्हता. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड ढेकर देत बसलं, फक्त मांडवात नवरानवरी दोघंही नाहीत, असा एकूण प्रकार.

‘चुकलं’ म्हणाला असता तर एस्बेनला बरं वाटलं असतं. चुका त्याच्या ओळखीच्या होत्या. कॉलेज संपल्यापासून त्याचं पोट चुकांवरच चाललं होतं. आधी करायच्या, मग शोधायच्या. पण काहीही न करता वर स्वतःचं अभिनंदन करणाऱ्याशी कसं बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आज दुपारी तीनला नगरपालिकेचा माणूस धक्क्यावर येणार होता.

धक्का ‘निळे गुडघे’ या मंडळाचा. डेन्मार्कच्या लिमफ्योर्ड नावाच्या खाडीच्या पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, त्याच्या टोकाला शिडी, काठावर सौना, म्हणजे घाम काढायची तापलेली लाकडी खोली. हिवाळा लागला की मंडळाचे सभासद रोज सकाळी कपडे काढून त्या शिडीवरून बर्फगार पाण्यात उतरत, गुडघे निळे झाले की वर येत आणि सौनात बसून गावाची उणीदुणी काढत. गेल्या हिवाळ्यात हॉल्गर नावाचा सभासद पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. म्हणजे आला, पण भलतीकडे. त्याला त्या दिवशी पोहावंसं वाटलं, म्हणून तो पाण्यात घुसलेल्या टेकाडाला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्याला लागला, तिथे बहिणीच्या घरी गेला, तिचा गाऊन घातला आणि कॉफी प्यायला बसला. इकडे अग्निशामक दल आलं, पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं. खिडकीतून हेलिकॉप्टरकडे बघत हॉल्गर बहिणीला म्हणाला, “कुणीतरी बुडालेलं दिसतंय,” आणि त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला.

तेव्हा नगरपालिकेने बजावलं की पाण्यात कोण गेलं आणि त्यातलं कोण बाहेर आलं, याची पक्की व्यवस्था करा, नाहीतर धक्का हिवाळाभर बंद. एस्बेनचा प्रोग्राम ही ती व्यवस्था. धक्क्याच्या फाटकावर एक डबी, प्रत्येकाच्या मनगटावर रबराचा पट्टा. जाताना पट्टा डबीला लावायचा, येताना लावायचा. गेलेला माणूस दहा मिनिटांत परतला नाही तर भोंगा वाजणार आणि त्याचं नाव पुकारलं जाणार.

आत गेलेलं बाहेर आलं की नाही, एवढंच सांगणं ज्याचं काम, तो प्रोग्राम स्वतः आत गेला होता आणि बाहेर येत नव्हता. यातली गंमत एस्बेनच्या सकाळीच लक्षात आली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्यावर हसायची त्याची ताकद संपली.

फोन वाजला. मंडळाची अध्यक्ष थोरा होती.

“पोरा, आलं का ते बाहेर?”

“अजून नाही.”

“पण आत आहे?”

“आत आहे.”

“नक्की ना? बहिणीकडे नाही गेलेलं?”

“थोरा, मी बघतोय.”

“बघ, बघ. मला काही घाई नाही. तो तीनला येतोय, एवढंच सांगायला फोन केला.”

या बाजूची माणसं ‘घाई नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा घर पेटलेलं असतं. थोरा ऐंशीला टेकली होती. नवरा गेल्यापासून घरात तिच्याशी बोलायला फक्त रेडिओ होता आणि तो तिचं ऐकून घेत नसे. सकाळी पाच मिनिटं मागेपुढे झाली तर ‘आज उशीर केलास’ असं तिला म्हणणारं जगात एकच ठिकाण उरलं होतं, आणि ते त्या शिडीच्या तोंडाशी होतं. हे तिने एस्बेनला कधी सांगितलं नव्हतं. तिने फक्त एकदा विचारलं होतं, की धक्का बंद झाला तर माणसाने सकाळी करायचं काय. एस्बेनने ‘योगासनं’ असं उत्तर दिलं होतं. त्यानंतर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली होती आणि त्या बघण्याने त्याचा अजूनही डोळा लागत नसे.

ऑफिस म्हणजे बंदरावरच्या दोरखंडांच्या जुन्या वखारीचा माळा. माणसं तीन. बोडिल ही मालकीण, म्हणजे भांडी घासायची पाळी विसरली तर जिला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागे ती. प्रेबेन हा जुना जाणता. त्याने एके काळी डुकरांच्या वजनाची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता आणि तो अजून अर्ध्या जटलंडात चालत होता, आणि त्याच्यावर ही तीन घरं चालत होती. तिसरा एस्बेन. त्याने इथे पुष्कळ काही लिहिलं होतं, पण त्यातलं काहीही अजून जिना उतरून खाली गेलं नव्हतं. निळ्या गुडघ्यांचं काम हे पहिलंच.

“काय म्हणतोय?” प्रेबेन कॉफीचा मग घेऊन त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

“सगळं व्यवस्थित पार पडलं म्हणतोय.”

“मग?”

“मग काही नाही. खरंच काही नाही, बघ.”

प्रेबेनने रिकाम्या फोल्डरकडे आदराने पाहिलं. “नीट रिकामं आहे,” तो म्हणाला. “अर्धवट रिकामं असतं तर मला काळजी वाटली असती.”

“मदत करतोयस की नुसता उभा आहेस?”

“उभाच आहे. आमच्या वेळी मशीन शिव्या घालायचं रे. डुकरांचं पहिल्यांदा पब्लिश केलं तेव्हा त्याने पानभर शिव्या घातल्या. माणसाला कळायचं तरी, आपण कुठे उभे आहोत.”

“कुठे उभा होतास?”

“डुकरांत.”

बोडिलने पलीकडून डोकं बाहेर काढलं. “मी घाई करत नाहीये,” ती म्हणाली, “पण केक कुणाचा, एवढं कळलं असतं तर बरं.”

ज्याच्या हातून घोळ होईल त्याने सगळ्यांना केक खाऊ घालायचा, हा ऑफिसचा रिवाज. प्रेबेनने शेवटचा केक आणला त्याला बरीच वर्षं झाली होती. एस्बेनला बघितलं की बेकरीतली बाई नमस्कार-चमत्कार न करता थेट ‘आज काय मोडलंस’ असं विचारी.

“अजून कुणाचाच नाही,” एस्बेन म्हणाला. “मशीनच्या मते घोळ झालेलाच नाही.”

“मग मशीन आणू दे,” प्रेबेन म्हणाला आणि कॉफी वाढून घ्यायला गेला.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला एस्बेनने शहाण्या माणसासारखी सुरुवात केली, म्हणजे तेच बटण पुन्हा दाबलं. मग गठ्ठा चुकून दुसरीकडे पडत असेल म्हणून सगळं मशीन धुंडाळलं. त्यात त्याला त्याचा नोकरीचा जुना अर्ज सापडला. त्यात त्याने ‘माझ्यात विशेष काही गुण नाहीत, पण मी वेळेवर येतो’ असं लिहिलं होतं. डिस्कवर जागा आहे का पाहिलं. होती. व्हायरसचा पहारेकरी फायली खातोय का, म्हणून त्याला झोपवलं. तो उपाशीच होता.

मग त्याने मशीनला सांगितलं, जे करतोस ते तपशिलात सांग. मशीनला बहुतेक आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. ते बोलत सुटलं. हे घेतलं, ते जोडलं, अमुक तपासलं, तमुक आधीच नीट होतं म्हणून तसंच ठेवलं. एस्बेनने राय धान्याच्या काळ्या पावाचे दोन तुकडे खात ते सगळं वाचलं. इतक्या लांबलचक कीर्तनात एक तक्रार नाही, एक कुरकुर नाही. शेवटी तीच हिरवी ओळ. इतक्या सुखी जिवाशी आपलं जमायचं नाही, असं त्याला वाटून गेलं.

सरतेशेवटी त्याने एक हलकटपणा केला. या मशीनला जी डिस्क कधी नव्हतीच, तिचं नाव देऊन त्याने सांगितलं, गठ्ठा तिथे नेऊन ठेव.

‘सगळं व्यवस्थित पार पडलं.’

एस्बेन खुर्चीत मागे रेलला. नसलेल्या गावाला पत्र टाकून आलो म्हणून सांगणारा माणूस वाटेत चुकलेला नसतो, तो घरातून निघालेलाच नसतो. म्हणजे मशीन गठ्ठा हरवत नव्हतं. ते गठ्ठा बांधायला बसतच नव्हतं. कुणीतरी त्याला ‘राहू दे’ म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि ते बिचारं सांगितलेलं ऐकत होतं.

“प्रेबेन,” तो म्हणाला, “कुणीतरी याला गप्प बसवलंय.”

“मी नाही. मी तुझ्या कोडला हात लावत नाही. मला घरी बायको आहे.”

मग एस्बेनने समोरच्या डेस्कटॉपवर एक पोरकट प्रोग्राम केला, नुसता ‘नमस्कार’ म्हणणारा, आणि तो पब्लिश केला. फायली पटापट येऊन पडल्या. त्याने तो नमस्कार जसाच्या तसा उचलून निळ्या गुडघ्यांच्या शेजारी नेऊन ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. यश जाहीर झालं, फोल्डर रिकामं. परत डेस्कटॉपवर आणला, फायली. परत आत नेला; काही नाही. एकच नमस्कार, उंबरठ्याबाहेर बोलका आणि आत मुका. एस्बेनने हा खेळ गरजेपेक्षा जरा जास्त वेळा केला, कारण सकाळपासून त्याच्या मनासारखं होणारी ही पहिलीच गोष्ट होती.

म्हणजे प्रोग्राम निर्दोष. दोष घराचा. आणि ज्या घरात तो राहत होता त्या फोल्डरचं नाव होतं ‘उगाच’.

ऑफिसच्या कामाची दोन मोठी फोल्डरं होती. एक ‘उत्पादनं’. त्यात फक्त डुकरं होती. दुसरं ‘उगाच’. त्यात एस्बेनने आजवर लिहिलेलं सगळं होतं. निळ्या गुडघ्यांचं काम आलं तेव्हा बोडिल म्हणाली होती, त्याला योग्य जागी ठेव. एस्बेनने ‘उत्पादनं’ उघडलं होतं. डुकरांकडे पाहिलं होतं. आणि त्याच्या मनात कुणीतरी, बहुतेक त्याच्या शाळेतले हेडमास्तर, म्हणालं होतं, तू कोण लागून गेलास रे? तेव्हा त्याने ते मुकाट्याने ‘उगाच’मध्ये ठेवलं. सगळं नीट झालं की हलवू, असं म्हणाला. सगळं नीट झालं असं आपल्या कामाबद्दल म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

त्याने ‘उगाच’च्या दारातच पडलेली सेटिंगची फाइल उघडली. आत एकच ओळ होती. या छपराखालचं काहीही पब्लिश करण्याजोगं नाही, असा तिचा अर्थ. खाली लिहिणाऱ्याचं नाव, एस्बेन. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आपलं काहीतरी चुकून डुकरांच्या मालकांपर्यंत पोचू नये म्हणून त्याने ती लिहिली होती, आणि लिहून झाल्यावर त्याला किती हलकं वाटलं होतं तेही त्याला आता आठवलं. मशीनने ती शब्दशः पाळली होती. ‘दाखवण्याजोगं नाही’ म्हणून मालकानेच सांगितलेलं काम त्याने दाखवलं नाही, आणि यात काही चुकलं असं त्याला वाटलं नाही, कारण चुकलं नव्हतंच. मशीनला चांगलं वळण होतं.

“केक माझा,” एस्बेन म्हणाला.

“नोंद घेतली,” बोडिल म्हणाली आणि खुर्ची ओढून आली. तिने ती ओळ वाचली. प्रेबेनने वाचली. एखाद्याची डायरी चुकून वाचली गेल्यावर बसतात तसे ते बसले.

“‘नाही’च्या जागी ‘हो’ कर,” बोडिल म्हणाली.

“मग उगाचमधलं सगळंच बाहेर काढण्याजोगं ठरेल. त्यात तुझ्या कुत्र्याच्या भुंकण्याचा अर्थ सांगणारा प्रोग्राम आहे.”

“काय म्हणायचा तो?”

“दर वेळी ‘नाही’.”

“मग गुडघे तेवढे बाहेर काढ. उत्पादनांत ठेव.”

एस्बेनने माउस जागचा हलवला नाही. प्रेबेनने मगातल्या कॉफीकडे पाहिलं. बोडिलच्या लक्षात आलं की हा आता मीटिंगचा विषय झाला आहे, आणि मीटिंग म्हटली की प्रत्येकाने एकेकदा बोलायचं, हे तिनेच लावून दिलेलं वळण. घड्याळात दोन वाजत आले होते.

“प्रेबेन, तू सुरू कर.”

“माझी हरकत नाही,” प्रेबेन म्हणाला. “डुकरांच्या वतीने मी बोलू शकत नाही.”

“एस्बेन?”

“मला वाटतं, मधलं एखादं फोल्डर करावं. ‘बहुतेक’ नावाचं.”

“बहुतेक?”

“म्हणजे अगदीच उगाच नाही, पण लगेच उत्पादन म्हणून मिरवायचं म्हणजे...”

“एस्बेन, तुझा प्रोग्राम चालतो का?”

“माझ्या टेबलावर चालतो.”

“चांगला चालतो?”

असला प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो. एस्बेनचे कान लाल झाले. त्याने खिडकीबाहेर, टेबलाखाली आणि शेवटी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

“वाईट नाही,” तो म्हणाला.

प्रेबेनने मग खाली ठेवला. “ऐकलंस, बोडिल? स्वतःच्या तोंडाने म्हणाला. आता हा पगारवाढ मागणार.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“एक विचारू? डुकरांशेजारी बसायला तुला कमीपणा वाटतो की भलता मोठेपणा?”

“मोठेपणा.”

“मग बस. त्यांची काही तक्रार नसते. नीट वजन केलंस की झालं.”

एस्बेनने फोल्डर उचलून ‘उत्पादनं’मध्ये टाकलं. बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि नेहमीचीच हिरवी ओळ आली. एका शब्दाचा फरक नाही. त्याने फोल्डर उघडलं.

फायली होत्या. लहान, मोठ्या, कशासाठी आहेत ते त्यालाही ठाऊक नसलेल्या, पण होत्या. तिघंही वाकून बघत राहिले. बोडिल म्हणाली, “पुष्कळ आहेत की,” आणि एस्बेन सवयीने म्हणाला, “सॉरी.”

धक्क्यापर्यंत सायकलने जायचं म्हणजे अंगावर पश्चिमेचा वारा घेत जायचं. पेन ड्राइव्ह त्याने पँटच्या खिशात न ठेवता मुठीतच धरला, त्यामुळे त्याला ब्रेक एकाच हाताने लावता आला आणि तो सौनाच्या भिंतीला लागूनच थांबला.

“आला,” थोरा म्हणाली. ती गाऊन आणि लोकरी टोपी घालून दारात उभी होती. मागे मंडळाची चारपाच माणसं टॉवेल गुंडाळून उभी, आणि त्यांच्यात कपडे घातलेला एकच माणूस, म्हणून थोडा ओशाळलेला. तो नगरपालिकेचा इंगोल्फ.

“घाई नाही,” इंगोल्फ म्हणाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

एस्बेनने सौनाच्या बाहेरच्या खोलीतल्या मशीनमध्ये फायली ओतल्या. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सगळे बाहेर’. फाटकावरच्या डबीत दिवा लागला. आपण लिहिलेलं काहीतरी आपल्या टेबलापासून इतक्या लांब, अशा गार जागी, आपल्याशिवाय चालतंय, हे बघून त्याने तो दिवा खरंच लागलाय ना, ते वाकून पुन्हा एकदा पाहिलं.

“जाणं-येणं कळेल, ते ठीक,” इंगोल्फ म्हणाला. “पण एखादा आलाच नाही तर? ते मला बघायला लागेल.”

“हॉल्गरला बोलावते,” थोरा म्हणाली. “त्याला सवय आहे.”

“नाटक नको. नाटकाची मला नोंद करता येत नाही.”

“मग एक पट्टा बादलीत घालू,” एस्बेन म्हणाला, “आणि बादली पाण्यात सोडू.”

इंगोल्फने विचार केला. “बादली सभासद आहे का?”

“नाही.”

“मग बादलीबद्दल नगरपालिकेचं काही म्हणणं नाही.”

“खरंच कुणाला बुडवू का मी?” थोरा म्हणाली. तिने आजूबाजूला नजर फिरवली आणि टॉवेलवाले अर्धं पाऊल मागे सरले. “हे बघ, आधी साधं बघून घे. आम्ही जातो, येतो. बाकीचं मग बोलू. पोरा, कपडे काढ.”

“मी?”

“तू कधी उतरलायस यात?”

“मी टेबलावर पुष्कळ वेळा तपासलंय.”

“टेबलावर कोण बुडतं?”

एस्बेनने कपडे काढले, चाचणीसाठी स्वतःच्या नावाने केलेला पट्टा मनगटात घातला आणि थोराच्या मागोमाग फाटकाशी गेला. पट्टा डबीला लावला. डबीने टुण् केलं. मग तो शिडीवरून उतरला आणि पाण्याने त्याला गुडघ्यांपासून मानेपर्यंत एकेक करून सगळ्या गोष्टींबद्दल जाब विचारला. शेजारी थोरा बाजारात भाजी बघत फिरावं तशी पोहत होती.

“श्वास घे,” ती म्हणाली. “तो फुकट आहे.”

वर यायची वेळ झाली तेव्हा शिडीपाशी गर्दी झाली. एस्बेनने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. फाटक त्यानेच धरलं. थोरा गेली, टुण्, पाठोपाठ बाकीचे, टुण्, टुण्. शेवटी तो उरला. दात वाजत होते, आत सगळे सरकून त्याला जागा करून देत होते, त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसेना, आणि आपण काय, ना सभासद ना कुणी. आपली नोंद कशाला हवी. तो तसाच आत शिरला.

सौनात गप्पा रंगल्या. थोराने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. बाहेर इंगोल्फ धक्क्याच्या टोकाला वाकून शिडीचे नटबोल्ट हलवून बघत होता. आणि मग भोंगा वाजला, इतका मोठा की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली.

भोंग्यामागून एक आवाज आला. तो एस्बेनचाच होता. चाचणीपुरता त्याने स्वतःचा आवाज भरला होता, सगळ्या सभासदांची नावंही स्वतःच वाचली होती, पुढे कुणीतरी बऱ्या आवाजाचा माणूस मिळाला की बदलू म्हणून.

“माफ करा,” तो आवाज सबंध फ्योर्डवर म्हणाला, “जरा त्रास देतो. एस्बेन अजून पाण्यात आहे, असं वाटतं. माझीही चूक असू शकेल.”

एस्बेनला आधी फक्त आवाजाची लाज वाटली. नाव त्याला ऐकू आलंच नाही. कुणीतरी पाण्यात राहिलंय, एवढं कळलं आणि तो सगळ्यांबरोबर उठून धावला. थोरा फाटक ओलांडून सगळ्यांच्या पुढे गेली आणि शिडीच्या भानगडीत न पडता तिने सरळ उडी टाकली. इंगोल्फने जीवरक्षक कडं खिळ्यावरून ओढून रिकाम्या पाण्यात फेकलं. फेक चांगली होती. एस्बेन काठावर उभा राहून लाटांमध्ये डोकं शोधत होता. त्याला दिसत होतं ते एकच, लोकरी टोपीतलं.

“माफ करा,” तो भोंग्यातून पुन्हा म्हणाला. “एस्बेन.”

“पोरा,” थोरा पाण्यातून ओरडली, “तुला दिसतोय का?”

“कोण?”

“एस्बेन.”

एस्बेनने आणखी एकदा, जरा डावीकडे, नीट पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं.

“मी इथे आहे,” तो म्हणाला.

थोराने त्याच्याकडे बघितलं. तिने पाण्यात पाय मारणं थांबवलं नाही. “मग पाण्यात कोण आहे?”

“तू.”

कुणी हसलं नाही. इंगोल्फ एस्बेनजवळ आला. त्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे हा माणूस खरोखर बाहेर आहे याची आपल्या परीने खात्री करून घेतली. मग फाटकाकडे बोट दाखवलं. “पट्टा लाव,” तो म्हणाला.

एस्बेन गेला आणि त्याने पट्टा लावला. टुण्. भोंगा थांबला. आतल्या पडद्यावर ‘सगळे बाहेर’ आलं, आणि थोरा अजून पाण्यात होती.

“ती पट्टा न लावता गेली,” एस्बेन म्हणाला. हे सांगायची गरज नव्हती, पण गप्प बसणं त्याला आज नकोसं झालं होतं.

“बचावाला जाणाऱ्याने पट्टा लावावा की नाही, याबद्दल नियम नाही,” इंगोल्फ म्हणाला. “आणि तू बाहेर आलास पण सांगितलं नाहीस, हे नाटक होतं का?”

“नाही. मी तसाच आहे.”

“मग त्याची नोंद करता येते.” त्याने जॅकेटच्या आतून पेन काढलं, गारठलेल्या शाईवर फुंकर मारली आणि कागदावर सही केली. “एप्रिलपर्यंत धक्का उघडा,” तो म्हणाला. “वाईट नाही. मला वाटलं होतं, कुणी आलं नाही तर ते नुसतं गप्प बसेल. पुष्कळ ठिकाणी तसंच असतं.”

थोरा शिडीवरून वर आली. टोपीतून पाणी गळत होतं. सहीचा कागद तिने ओल्या हाताने धरून लांबून वाचला, मग जवळून वाचला, आणि इंगोल्फला परत दिला. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण कागद परत देताना तिने तो लगेच सोडला नाही.

“तो भोंगा माफी कशाला मागतो?” तिने एस्बेनला विचारलं.

“लोकांना त्रास होतो ना.”

“बुडणाऱ्याला जास्त होतो. ते काढून टाक.”

“काढतो. आवाजही बदलायचाय. कुणाचा तरी चांगला...”

“आवाज राहू दे. ओळखीचा आहे.” तिने टोपी पिळली आणि पुन्हा डोक्यावर चढवली. “मी जाते परत. मघाची उडी तुझ्यासाठी होती, ती मी धरत नाही.”

ती फाटकाशी गेली, बाहेर आल्याचा हिशेब आधीच लागलेला आहे की नाही याचा क्षणभर विचार केला, खांदे उडवले आणि जाताना पट्टा लावला. टुण्. आतल्या पडद्यावर आलं, ‘एक जण पाण्यात’. बाकीचे सौनात गेले. इंगोल्फ गाडीत जाऊन हीटर लावून बसला. एस्बेनला कुणीतरी टॉवेल दिला होता, तो त्याने खांद्यांवर घेतला. गुडघे निळे पडले होते आणि सौनाचं दार हाताच्या अंतरावर होतं. प्रोग्राम चालत होता, वाईट नव्हता, पण तो कुणी लिहिलाय हे त्याला माहीत होतं. म्हणून ती वर येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.